सेन्सर गेलो

डिझेल इंजिनात ठिकठिकाणी किती दाब आहे ते मोजून विजेच्या भाषेत वर कळवणारा जो अंगठ्याएवढा भाग, त्याला प्रेशर सेन्सर म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात याची आणखी एक व्याख्या रूढ आहे: गाडी ओढेनाशी झाली की जो सर्वांत आधी बदलतात तो. या दोन व्याख्यांमध्ये बरेच अंतर आहे, आणि ट्रकमालकाचा बराचसा खर्च त्या अंतरातच होतो.

सेन्सर येण्यापूर्वीही इंजिनात दाब होता आणि तो कळतही होता. फ्रान्समधल्या युजेन बूर्दाँ याने १८४९ मध्ये एका साध्या दाबमापकाचे पेटंट घेतले. कोयत्यासारखी वाकवलेली एक चपटी नळी. आत दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि टोकाला अडकवलेला काटा फिरतो. जुन्या ट्रकांच्या डॅशबोर्डवर ऑईल प्रेशरचे जे घड्याळ असे, ते याच कुळातले. इंजिनापासून केबिनपर्यंत एक बारीक नळी येई, तिच्यातून खरोखरचे ऑईल ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ पोचे, आणि नळी तडकली की ते त्याच्या पँटीवरही पोचे. बातमी आणि पुरावा एकदमच हाती पडत. बाकीच्या दाबांची चौकशी किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, करी. चढावर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबून धूर काळा की पांढरा हे तो ओरडून सांगत असे. त्याला वीज लागत नसे, चहा लागे.

धुरावरचे कायदे कडक होत गेले तसे डिझेल किती आणि नेमके कधी फवारायचे हे ठरवायला ईसीएम नावाची पेटी आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे निकष देशभर लागू झाले आणि किन्नराच्या डोळ्यांचा भरवसा कायमचा संपला. ही पेटी स्वतः काही पाहू शकत नाही. ती केबिनखाली किंवा इंजिनाच्या कुशीत बसून निरनिराळ्या सेन्सरांनी सांगितलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवते आणि हुकूम सोडते. गावच्या राजकारणाशी परिचय असलेल्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सेन्सरच्या आत एक पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो, आणि वाकला की त्यावरच्या घटकांचा विद्युतरोध बदलतो. सिलिकॉनमध्ये हा बदल फार मोठा असतो हे बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स स्मिथ याने १९५४ मध्ये दाखवले, आणि कमी दाबाचे बहुतेक सेन्सर त्याच पुण्याईवर चालतात. जास्त दाबाला सिलिकॉनऐवजी पोलादी पडदा वापरतात. वायरी तीन: एकीतून ईसीएम पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थ, तिसरीतून उत्तर परत येते. उत्तर सामान्यपणे अर्धा ते साडेचार व्होल्ट यांच्या दरम्यान असते.

दाब शून्य असतानाही सेन्सर अर्धा व्होल्ट का पाठवतो, हे समजायला एक मालवणी माणूस पुरेसा आहे. खळ्यातून हाक मारली आणि त्याला उठायचे नसले, तरी तो आतून ‘हूं’ एवढे म्हणतोच. त्या ‘हूं’चा अर्थ काम होईल असा मुळीच नसतो, माणूस घरात आहे, एवढाच असतो. अर्धा व्होल्ट हा सेन्सरचा ‘हूं’. तोही आला नाही, सिग्नल साफ शून्यावर गेला, तर घरात कोणी नाही किंवा पाणंदच वाहून गेली असे ईसीएम धरून चालतो. उलट उत्तर थेट पाच व्होल्टला जाऊन चिकटले तरी तो ते खरे मानत नाही. एवढ्या मोठ्याने शहाणा माणूस बोलत नाही. कुठलीतरी वायर दुसऱ्या वायरीच्या अंगाला लागली असणार.

हे दाब किती असतात याची कल्पना तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांना सहज येईल. समुद्रात १० मीटर खाली गेले की वातावरणाच्या दाबावर साधारण एक बार दाब वाढतो. (गॅरेजात बारला ‘किलो’ म्हणतात, फरक इतका थोडा आहे की त्यावरून वाद घालणे परवडत नाही.) गरम इंजिन नुसते घुरघुरत असताना ऑईलचा दाब एखादा बार, म्हणजे तारकर्लीची पर्यटकी डुबकी. गाडी पळू लागली की तो तीन ते पाच बारवर जातो, म्हणजे ३० ते ५० मीटर. तिथे पर्यटकांना नेत नाहीत. टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, ज्याला बूस्ट म्हणतात, तो घाटात एक ते दोन बार. इथपर्यंत सगळे माणसांचे आहे. यानंतर कॉमन रेल येते. नोझलना डिझेल पुरवणारी ही जाड नळी. ट्रकवर ती प्रथम जपानमध्ये १९९५ साली बसली. पूर्ण जोर लावताना तिच्यातला दाब १६०० ते २००० बार किंवा त्याहूनही अधिक असतो. जगातली सर्वांत खोल अशी पॅसिफिकमधली मारियाना गर्ता सुमारे ११ किलोमीटर खोल आहे आणि तिच्या तळाशी दाब सुमारे ११०० बार भरतो. नुसते घुरघुरताना रेलमधला दाब बराच कमी असतो, पण तरीही कसालच्या तिठ्यावर चहाला थांबलेल्या, इंजिन चालू ठेवलेल्या ट्रकच्या बॉनेटखाली अर्धा महासागर सहज मावतो, आणि शेजारी उभा असलेला माणूस त्यावर कोपर टेकून बांगड्याचा भाव विचारत असतो.

या मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला डीपीएफचा सेन्सर आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक मोजून ती किती तुंबली हे ठरवतात. जाळी साफ असली तर हा फरक चिवल्याच्या किनाऱ्यावर घोटा भिजेल एवढ्या पाण्याचा, आणि तुंबली की कमरेएवढ्या पाण्याचा. अर्ध्या महासागराचा सेन्सर वर्षानुवर्षे निमूट काम करतो. कमरेएवढ्या पाण्याचा सेन्सर मात्र महिन्यातून दोनदा लॅम्प पेटवतो.

ओळखण्याच्या बाबतीत सेन्सर आणि मासळी यांचे नियम एकच आहेत. तारल्या आणि पेडवे यांतला फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही आणि मालवणच्या माणसाला तो कसा कळतो हे सांगता येत नाही. त्यातल्या त्यात सांगायचे तर सेन्सर कुठे राहतो त्यावरून ओळखावा. इंजिनाच्या ब्लॉकवर, ऑईल फिल्टरच्या आसपास, आट्यांनी फिरवून बसवलेला षटकोनी बुडाचा असतो तो ऑईल प्रेशरचा. यातही दोन जाती आहेत. एकच वायर असेल तर तो सेन्सर नसून नुसता स्विच; दाब आहे की नाही एवढेच त्याला कळते. तीन वायरी असतील तर तो शिकलेला. एकाच्या जागी दुसरा देणारे दुकानदार आहेत, आणि त्यानंतर लॅम्प आयुष्यभर पेटलेला राहिला तर ‘ह्या गाडीक तसाच असता’ असे समजावणारेही आहेत.

इंटरकूलरकडून आलेली हवा ज्या मॅनिफोल्डमध्ये शिरते, त्याच्या पाठीवर एक-दोन बोल्टांनी बसवलेला काळा प्लास्टिकचा चपटा तुकडा म्हणजे बूस्ट सेन्सर. त्याला बहुधा चार वायरी असतात, कारण दाबाबरोबर तो हवेचे तापमानही सांगतो. एका पगारात तो दोन कामे करतो, आणि इंजिनाच्या श्वासातली तेलकट काजळी सर्वांत जास्त याच्याच नाकात जाते. रेलच्या टोकाला भक्कम पोलादी अंगाचा असतो तो रेल प्रेशर सेन्सर. डीपीएफचा सेन्सर सायलेन्सरच्या आचेपासून दूर, ब्रॅकेटवर बसतो आणि त्याला दोन नळ्या जोडलेल्या असतात. दोन नळ्या दिसल्या की ओळख पटली. धूर स्वच्छ करायला युरिया पुरवणाऱ्या पंपालाही स्वतःचा दाबमापक असतो, पण तो बहुधा पंपाच्या पोटातच असतो आणि त्याचे दुखणे पंपाच्या नावावर जाते. बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर बहुतेक ईसीएमच्या आत. ब्रेकच्या हवेच्या टाकीवर असतात ते सेन्सर इंजिनाचे नव्हेत. फक्त सारखे दिसतात म्हणून अधूनमधून तेही बदलले जातात.

पार्ट नंबर जुळवणे हा ओळखीचा शेवटचा टप्पा. बाजारात मासा घेताना कल्ला वर करून पाहिल्याशिवाय मालवणातली बाई पैसे काढत नाही. तिचाच नवरा सेन्सर मात्र खोक्याचा रंग पाहून घेतो. एकाच आट्यांचे, एकाच कपलरचे, एकाच रंगाचे दोन सेन्सर मिळतात. एक पाच बारपर्यंत मोजणारा आणि दुसरा दहा बारपर्यंत. चुकीचा बसवला की तो अडत नाही, कुरकुरत नाही, आत्मविश्वासाने अर्धे किंवा दुप्पट सांगत राहतो.

बिघाडाची लक्षणे घाटात दिसतात. सपाटीवर कणकवली ते सावंतवाडी हायवेने गाडी कशीही जाते. चिऱ्याने भरलेला ट्रक आंबोलीला, फोंड्याला किंवा करुळला लागला की मात्र इंजिनाला दम लागतो. बूस्टची किंवा रेलची बातमी पटली नाही तर ईसीएम जोखीम घेत नाही. डिझेल कापतो, ताकद कमी करतो आणि ट्रकला लंगडी घालायला लावतो. मग मागे दहा गाड्यांची रांग, त्यात एक लग्नाची बस, आणि लग्नाच्या बसमध्ये डिझेल इंजिनाचे दहा तज्ज्ञ. सेन्सर बिघडू न देण्याचा खात्रीचा उपाय कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून उपलब्ध करून दिला आहे. कोलाडला ट्रक मालगाडीवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. मधला सगळा सिंधुदुर्ग जिल्हा इंजिन बंद ठेवून, एकही लॅम्प न पेटता पार होतो. फक्त ज्यांचा माल सिंधुदुर्गातच उतरायचा असतो त्यांची अडचण होते.

निदान हा या विषयाचा गाभा आहे आणि गर्दीही इथेच जमते. ड्रायव्हर गाडी गॅरेजच्या दारात लावतो आणि म्हणतो, ‘मेस्त्रीनू, गाडी वडणा नाय.’ मेस्त्री बॉनेटकडे न पाहता म्हणतो, ‘सेन्सर गेलो.’ कोणता, हे तो सांगत नाही आणि ड्रायव्हरही विचारत नाही. पूर्वी याच जागी ‘पंप गेलो’ असे म्हणत, पण पंप महाग असतो, त्यामुळे सांगताना निदान थोडा विचार करावा लागे.

यावरचा उपाय म्हणून ईसीएमच्या तक्रारी वाचून दाखवणारा स्कॅनर आला. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते; देवीचा कौल घेऊन ती ठरते. स्कॅनर लावणे हा जवळपास तोच विधी आहे. एक जाणकार यंत्र जोडतो, बाकीचे हात बांधून उभे राहतात, आणि उत्तर येते ते सामान्यांना न कळणाऱ्या भाषेत. ट्रकांच्या प्रमाण भाषेत त्याचे दोन भाग असतात. एसपीएन सांगतो तक्रार कशाबद्दल आहे: १०० म्हणजे इंजिन ऑईलचा दाब, १०२ म्हणजे बूस्ट, १५७ म्हणजे रेल, ३२५१ म्हणजे डीपीएफमधला फरक. एफएमआय सांगतो तक्रार कसली आहे, आणि खरा मुद्दा इथे असतो. ३ आला तर व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त, ४ आला तर कमी, ५ आला तर बहुधा सर्किट तुटलेले. हे तिन्ही विजेचे आजार. यांत सेन्सर दोषी असू शकतो, वायरही असू शकते. पण ० किंवा १ आला तर अर्थ अगदी वेगळा: विजेत काही खोट नाही, दाबच खरोखर धोक्याइतका जास्त किंवा कमी आहे. एसपीएन १००, एफएमआय १ याचे मराठी भाषांतर ‘सेन्सर गेलो’ असे होत नाही. त्याचे भाषांतर ‘ऑईल गेला’ असे होते. तरीही सेन्सर बदलून गाडी पुढे नेली, तर पुढचा खर्च क्रँकशाफ्टपासून सुरू होतो.

म्हणून ऑईलच्या बाबतीत पहिली तपासणी फुकटची: डिपस्टिक ओढून पाहणे. दुसरी, सेन्सर काढून त्याच्या भोकाला हाताचे गेज लावून इंजिन चालू करणे. हे गेज म्हणजे तीच १८४९ ची वाकडी नळी. सगळ्या विद्युत साक्षीदारांची उलटतपासणी अजूनही तीच घेते.

बूस्ट सेन्सरची परीक्षा याहूनही स्वस्त आहे. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवावी आणि स्कॅनरवर आकडा पाहावा. टर्बो फिरत नसताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे बूस्ट सेन्सरचा निरपेक्ष दाब आणि ईसीएममधल्या हवेच्या सेन्सरचा दाब जुळला पाहिजे. मालवणच्या बंदरावर तो १०१ किलोपास्कलच्या जवळपास येईल, भर पावसाळ्यात किंचित कमी. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचावर आहे. तिथे हाच आकडा ९३च्या आसपास येईल. तो पाहून आंबोलीत सेन्सर बदलू नये. घाट उतरला की तो आपोआप दुरुस्त होतो.

यातून एक गोष्ट उघड होते, जी या किनाऱ्यावर गॅरेज चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि बिलात लिहिलेली नसते: इथे सेन्सर मरतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा तो मेला असे जाहीर होते. मरतो तो कपलर. खारा वारा वर्षभर आणि पाऊस चार महिने. त्यातच मासळीच्या गाड्यांतून बर्फाचे खारट पाणी चासीवर आणि रस्त्यावर गळत असते आणि मागच्या गाडीच्या पोटावर उडते. कपलरच्या पिनांवर तांब्याच्या हंड्यावर चढतो तसा हिरवट कीट चढतो आणि पाच व्होल्टांतले अर्धेच पुढे पोचतात. सेन्सर खरे सांगत असतो, मधल्यामध्ये बातमी गळते. त्यातून पावसाळ्यात गाडी महिनाभर खळ्यात उभी राहिली तर उंदीर वायरिंगवर राहायला येतात. तेव्हा सेन्सर मागवण्यापूर्वी कपलर सोडवावा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, पिना ताठ आहेत का पाहाव्यात आणि मल्टीमीटरने पाच व्होल्ट व अर्थ मोजावा. कपलर काढल्यावर ईसीएमची तक्रार बदलली, म्हणजे चाराचा तीन झाला, तर वायर आणि ईसीएम दोघेही शुद्धीवर आहेत आणि सेन्सरवर संशय घ्यायला आता आधार आहे. तक्रार तसूभरही बदलली नाही तर नवा सेन्सरही तेच सांगणार. डीपीएफच्या बाबतीत आधी दोन्ही नळ्या काढून त्या तुंबल्या, चिरल्या किंवा वितळल्या आहेत का हे पाहावे. या नळ्या कोणीतरी उलट जोडलेल्या असणे ही कल्पनाही सोडू नये. मागच्या वेळी हे काम कोणी केले होते असे विचारल्यावर गॅरेजात जी शांतता पसरते, ती पुरेशी बोलकी असते.

एवढे करूनही सेन्सरच गेलेला निघाला, तर बदलण्याचे काम सोपे आहे. इंजिन थंड होऊ द्यावे. बॅटरीचा कटऑफ बंद करावा. सेन्सरभोवतीची लाल माती आणि चिकटा ब्रशने, हवेने साफ करावा, कारण सेन्सर निघाल्यावर तिथे उघडे भोक राहते आणि घाणीला भोके आवडतात. कपलरची चाप हळू दाबून सोडवावी. उष्णतेने कडक झालेली ती चाप तुटतेच. मग कपलर काथ्याने बांधतात. काथ्या हा कोकणातला फार जुना आणि अष्टपैलू उद्योग असला तरी कपलरसाठी तो बनवलेला नाही. नवी चाप किंवा नवा कपलर घालावा.

ऑईलचा सेन्सर डीप सॉकेटने सोडवावा. साध्या पान्याने त्याचे प्लास्टिकचे डोके फुटते. नवा बसवताना प्लंबरकाम शिकून आलेला मदतनीस आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायला धावतो. त्याला थांबवावे. एक वायरवाल्या स्विचला अर्थ आट्यांतूनच मिळतो, टेपने तो तुटतो. शिवाय टेपचे धागे ऑईलमध्ये जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले तेव्हा पायाच्या दगडांत शिसे ओतले होते असे सांगतात, आणि तो पाया अजून समुद्राला दाद देत नाही हे खरे आहे. पण तो किल्ला होता. सेन्सरला सोबत आलेला वॉशर पुरतो. घट्ट करताना मॅन्युअलमधला टॉर्क पाहावा. पान्याला पाइप लावून दोघांनी लटकणे हे चाकाच्या नटांपुरते ठेवावे.

बूस्ट सेन्सरचे काम दहा मिनिटांचे. बोल्ट काढावा, सेन्सर सरळ वर ओढावा, नव्या ओ-रिंगला तेलाचे बोट लावून दाबून बसवावा. जुनी ओ-रिंग भोकातच राहिली नाही ना हे पाहावे, नाहीतर दोन ओ-रिंगा एका जागेसाठी भांडतात आणि टर्बोची हवा बाहेर शिट्टी घालते.

रेलच्या बाबतीत विनोद संपतो. इंजिन चालू असताना किंवा बंद केल्याकेल्या तिथे पाना लावायचा नाही. दाब उतरला आहे हे स्कॅनरवर पाहून, मॅन्युअलने सांगितलेला वेळ थांबूनच हात घालायचा. हजार बारची केसाएवढी धारही कातडीतून आरपार जाते, आणि सुरुवातीला ती जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते म्हणून माणूस घरी जातो. अशा माणसाला घरी न पाठवता तडक इस्पितळात न्यावे लागते. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. हा सेन्सर धातूवर धातू बसून सील होतो, त्यामुळे एक कणही मध्ये चालत नाही, आणि काही इंजिनांत तो एकटा न बदलता रेलसकट बदलायला सांगितलेले असते. एवढी काळजी घ्यायची नसेल तर हे काम दुसऱ्याला द्यावे.

बसवून झाल्यावर जुने कोड पुसावेत, चावी फिरवून आकडे पाहावेत, मग इंजिन चालू करावे. डीपीएफचा सेन्सर बदलला असेल तर काही गाड्यांत तो नवीन आहे हे ईसीएमला स्कॅनरवरून कळवावे लागते, नाहीतर तो जुन्याच्याच हिशेबाने वागतो. नुसते कोड पुसणे हा दुरुस्तीचा प्रकार मानू नये, जरी त्याचे पैसे घेतले जात असले तरी. ट्रायल भरलेल्या गाडीने चढावर घ्यावी. रिकाम्या ट्रकने गॅरेजभोवती मारलेल्या फेरीत कुठलाही सेन्सर पास होतो. ट्रायलपूर्वी नारळ फोडून गाऱ्हाणे घालण्याची पद्धत आहे. त्यात वाटेतल्या सगळ्या देवांची नावे घेतली जातात आणि सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ईसीएमवर याचा परिणाम होत नाही, पण कपलर नीट बसवला नव्हता हे एखाद्याला त्याच वेळी आठवते असा अनुभव आहे.

जुना सेन्सर ट्रकमालक फेकू देत नाही. ‘आसांदे, लागात कधीतरी,’ असे म्हणून तो डॅशबोर्डच्या खणात ठेवतो. तिथे आधीचे तीन असतात. दोन बहुधा चांगलेच.